ताणात छातीत जळतं, तेव्हा आम्ल वाढलेलं असतंच असं नाही

मार्चअखेरीचे हिशेब, मुलांची परीक्षा, घरातलं आजारपण अशा दिवसांत अनेकांच्या छातीत जळजळ सुरू होते, घशाशी आंबट येतं. 'टेन्शनने पित्त वाढलं' म्हणत गोळी घेतली जाते, आणि तिचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. त्यामागे कारण आहे.

जेवणानंतर थोडं आम्ल अन्ननलिकेत वर येणं निरोगी माणसातही घडतं. चोवीस तासांत अन्ननलिका 4 टक्क्यांपेक्षा कमी काळ, म्हणजे तासाभराहून कमी वेळ, आम्लात असेल तर ते सामान्य धरतात. हे आम्ल एरवी आपल्या लक्षातही येत नाही. ताणात मात्र तेवढंच आम्ल जळजळू लागतं. ताण देणारी कामं करायला लावून रुग्णांच्या अन्ननलिकेतलं आम्ल मोजणारा एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यात जळजळीची तक्रार वाढली, पण मोजलेलं आम्ल वाढलं नाही. 2008 सालच्या दुसऱ्या प्रयोगात अन्ननलिकेत थेंबथेंब आम्ल सोडलं जात असताना रुग्णांना त्रासदायक आवाज ऐकवले, तेव्हा जळजळ लवकर जाणवली आणि जास्तही. उंदरांवरच्या प्रयोगांत ताणानंतर अन्ननलिकेच्या अस्तरातल्या पेशींमधल्या फटी रुंदावलेल्या दिसल्या. अशा फटींतून आम्ल मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचू शकतं. म्हणजे त्रास खरा आहे, पण आम्लाच्या गोळीचा डोस वाढवून तो पुरता जाणार नाही.

ताणातल्या सवयी त्यात भर घालतात. भराभर जेवणं, दुपारचं जेवण टाळून रात्री दहाला पोटभर खाणं, उपाशीपोटी चहावर चहा, सिगारेट. डोकं दुखतं म्हणून घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या तर अस्तरालाच इजा करतात. जठर फुगलं की त्याच्या तोंडाशी असलेली झडप मधूनमधून आपोआप सैल पडते, आणि आम्ल बहुतेक वेळा तेव्हाच निसटतं. त्यामुळे काय खाल्लं याच्याइतकंच किती आणि केव्हा खाल्लं, हे महत्त्वाचं आहे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर हवं. नऊच्या आधी घरी पोचणं शक्य नसेल तर सातच्या सुमारास भाजी-पोळी किंवा उपमा खाऊन घ्यावा आणि रात्री अगदी हलकं घ्यावं.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय श्वासाचा आहे. श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचा, स्नायू अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला वेढून असतो आणि झडपेला बाहेरून आवळतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या डॉक्टरांनी 2012 साली दाखवलं, की चार आठवडे पोटाने श्वास घेण्याचा सराव केलेल्या रुग्णांच्या अन्ननलिकेत आम्ल कमी वेळ राहिलं. ज्यांनी सराव पुढे चालू ठेवला, त्यांची औषधाची गरजही नऊ महिन्यांनी घटलेली होती. अभ्यास लहान होता, पण या उपायाला खर्च नाही आणि धोकाही नाही.

सुरुवातीला उताणं झोपून गुडघे वाकवावेत. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर ठेवावा. नाकाने चार सेकंद श्वास आत घ्यावा. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळपास स्थिर राहायला हवा. मग सहा सेकंदांत सावकाश सोडावा. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दिवसभरात मिळून अर्ध्या तासापर्यंत न्यावं. जमू लागलं की जेवणानंतर खुर्चीत ताठ बसूनही करता येतं. बहुतेकांचं चुकतं ते इथे: श्वास न घेताच पोट मुद्दाम पुढे ढकललं जातं, किंवा खांदे उचलले जातात. चक्कर आली तर वेग जास्त झाला असं समजावं. कपालभाती हा याला पर्याय नाही. तीत पोट झटक्याने आत खेचलं जातं आणि पोटातला दाब वाढतो. ताणात नकळत हवा गिळून सतत ढेकर देणाऱ्यांनाही या सरावाने आराम पडतो.

रात्री त्रास होत असेल तर पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली भक्कम ठोकळे किंवा विटा ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचलावी. नुसत्या दोन-तीन उशा घेतल्या तर कंबरेत वाक येतो, पोट दाबलं जातं आणि उलटाच परिणाम होतो. डाव्या कुशीवर झोपल्यास वर आलेलं आम्ल उजव्या कुशीपेक्षा लवकर खाली जातं. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी जळजळ जास्त जाणवते, म्हणून हा बदल आधी करावा.

पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. जेवणाने आम्ल बनवणारे पंप कामाला लागतात आणि चालू पंपच ती बंद करू शकते. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग नाही. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. काही महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल काही काळ उसळतं आणि 'गोळीशिवाय चालत नाही' असं वाटू लागतं. म्हणून ती कशी कमी करायची, ते डॉक्टरांना विचारावं. दुधाने क्षणभर बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल स्रवायला लावतात.

छातीत दडपण, घाम, धाप, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, यांतलं काहीही असेल तर गोळी घेऊन वाट पाहू नये. लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. घास अडकणं, वजन घटणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर एन्डोस्कोपी लांबवू नये. आठ आठवडे नीट औषध घेऊनही जळजळ राहिली आणि एन्डोस्कोपीत काही सापडलं नाही, तर चोवीस तास आम्ल मोजण्याची चाचणी होते. तीही सामान्य आली तर डॉक्टर कधी नैराश्यावरचं एखादं औषध अगदी कमी मात्रेत रात्री देतात. ते अन्ननलिकेकडून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश शांत करण्यासाठी असतं. तुमचा त्रास मनाचा खेळ आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.