कोर्स फाइल आणि अटेनमेंटचं काम देण्याआधी एवढं वाचा

सर, मॅडम, नमस्कार.

जळगाव, भुसावळ, शिरपूर, धुळे, शहादा, सगळीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) फायली टायपिंग आणि बायंडिंगसाठी आमच्याकडे येतात. सीओ (विषय शिकून मुलाला काय यायला हवं), पीओ (पदवी घेऊन काय यायला हवं), ब्लूमच्या पायऱ्या (आठवण्यापासून नवं घडवण्यापर्यंतच्या विचाराच्या पातळ्या) आम्ही तुम्हाला सांगायला नकोत. पण एनबीएच्या समितीची व्हिजिट जवळ आली की एकच फोन येतो : "टोटल मार्क्स मेल केलेत, अटेनमेंट उद्या मिळेल ना?"

नाही मिळणार. टोटलवरून सीओ अटेनमेंट, म्हणजे प्रत्येक सीओ वर्गाने किती गाठला, ते निघत नाही, त्यासाठी प्रश्ननिहाय गुण लागतात.

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची २० गुणांची टेस्ट घ्या. पहिला प्रश्न स्ट्रेस-स्ट्रेनवर, म्हणजे सीओ१. दुसरा शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्यांवर, म्हणजे सीओ२. दोन्ही १० गुणांचे, वर्गात ६० मुलं. विभागाने ठरवलंय की ६० टक्के गुण मिळवणारी मुलं ७० टक्के असली तर लेव्हल ३, ६० टक्के असली तर २, ५० टक्के असली तर १. पहिल्या प्रश्नात ४५ मुलांना ६ किंवा जास्त गुण, म्हणजे ७५ टक्के, लेव्हल ३. दुसऱ्यात फक्त २७ मुलांना, म्हणजे ४५ टक्के, लेव्हल शून्य. आता टोटल बघा : १२ किंवा जास्त गुणांची ३९ मुलं, ६५ टक्के, दोन्ही सीओंना लेव्हल २. आकृत्या निम्म्याहून जास्त वर्गाला जमल्या नाहीत, ते कागदावर कुठेच दिसत नाही. मग रेमेडियल (कच्च्या मुलांचे जादा तास) कशाचं घेतलं, हे समितीला काय सांगणार?

"तुम्हीच अंदाजाने विभागून टाका" असंही ऐकायला मिळतं. ते आम्ही करत नाही, जास्त पैसे दिले तरी नाही. समिती चांगल्या, मध्यम आणि कच्च्या मुलांच्या उत्तरपत्रिका मागवते आणि आकडा पानाशी जुळवते. तिथे उभं तुम्हाला राहायचंय. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला. त्यानंतर मुलाला काय येतं याचा पुरावा मागणं वाढतच गेलंय.

गैरहजर मुलाला ० लिहू नका, 'एबी' (अ‍ॅब्सेंट) लिहा. तीनपैकी दोन सोडवायच्या पेपरात न सोडवलेला प्रश्न कोरा ठेवा. शून्य टाकलं की ते मूल हरलेल्यांत मोजलं जातं आणि सीओ विनाकारण पडतो. दर हंगामात आमचा सगळ्यात जास्त वेळ हे शून्य शोधण्यात जातो, आणि बिल मात्र टायपिंगचंच होतं.

युनिव्हर्सिटीच्या पेपराचे प्रश्ननिहाय गुण संलग्न कॉलेजला मिळत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. तिथे टोटल चालतं, ते सगळ्या सीओंना सारखं लावतो. इंटर्नल आणि युनिव्हर्सिटीचं वजन किती, ते विभागाच्या सहीने लिहून द्या. ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेजांनी मात्र एंड-सेमचंही (सत्राअखेरच्या परीक्षेचंही) प्रश्ननिहायच द्यावं. पेपर तुमच्याकडेच तपासला जातो.

मॅपिंगबद्दल, म्हणजे कोणत्या सीओचा कोणत्या पीओशी किती संबंध (३ म्हणजे सगळ्यात जास्त) त्या तक्त्याबद्दल, थोडंसं. सगळ्या खान्यांत ३ भरलेलं मॅट्रिक्स आम्ही टाइप करून देतो, पण एकदा विचारतो जरूर. गणिताच्या पहिल्या सीओला पर्यावरणाच्या पीओपुढे ३ दिसला तर हात थबकतोच. शिवाय एनबीएच्या नव्या नमुन्यात पीओ बारावरून अकरा झालेत, समाज आणि पर्यावरण आता एकत्र आहेत. जुन्या फाइलमधलं मॅट्रिक्स तसंच चिकटवलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात.

सगळ्यात सोपं म्हणजे टेस्टच्या आधी प्रश्नपत्रिका दाखवा. प्रत्येक प्रश्नापुढे सीओ आणि ब्लूमची पातळी टाकलेली असली की त्याच मापाची एक्सेल शीट आम्ही फुकट बनवून देतो, तुम्ही तपासता तपासता गुण भरत जायचे. प्रश्नपत्रिका बाहेर जाणं बरं वाटत नसेल तर फक्त प्रश्न क्रमांक, गुण आणि सीओ पाठवा, तेवढ्यावर शीट होते. शीट भरून आली की अटेनमेंट, आलेख आणि पानं क्रमांकासह बायंडिंग, सगळं एकाच ठिकाणी होतं. कोर्स एक्झिट सर्व्हे (विषय संपल्यावर मुलांची मतं) घेतला असेल तर तोही त्याच फाइलबरोबर द्या, मागाहून जोडायला पुन्हा बायंडिंग सोडावं लागतं.

बाहेरगावच्या फायली एसटी पार्सलने येतात-जातात. पार्सलवर विभागाचं नाव लिहा, फक्त कॉलेजचं नको. मागे मेकॅनिकलची फाइल सिव्हिलच्या टेबलावर जाऊन पडली होती.