‘क्ष’ एक की दोन? काटकसरी डेस्कटॉपची पार्श्वभूमी

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावलं, तर असा एक तरी लॅपटॉप दिसतो ज्यावर आयकॉन नावाला नाहीत. तीन काळ्या खिडक्या एकमेकींना खेटून बसलेल्या, वर बारीकशी पट्टी, माउस बॅगेत. सुपर-एंटर (सुपर म्हणजे विंडोजच्या खुणेचं बटण) दाबलं की नवं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी; सुपर-४ दाबलं की चौथा वर्कस्पेस, म्हणजे खिडक्यांचा वेगळा संच. या राहणीला ‘मिनिमल’ म्हणतात. या शब्दाचा गुंता मोठा आहे, त्याकडे येतोच.

फार जुन्या काळात रमायचं कारण नाही. ओळीत ८० अक्षरं हा आकडा भोकं पाडून माहिती भरायच्या पंचकार्डांचा. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलनं (तेव्हा टर्मिनल म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेलं पडदा-कीबोर्डचं यंत्र) तो २४ ओळींच्या जोडीनं रूढ केला. एच-जे-के-एल ही बटणं बाणांसारखी वापरायची सवय त्याआधीची. व्हीआय हा मजकूर लिहायचा प्रोग्राम ज्या टर्मिनलवर लिहिला गेला त्याच्या नेमक्या त्याच चार बटणांवर बाण छापलेले होते. खिडक्या शेजारी शेजारी मांडण्यातही नवल नाही. १९८५ ची पहिली विंडोज तशीच होती, एका खिडकीवर दुसरी चढवायची सोय दोन वर्षांनी आली.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला सार्वजनिक इंटरनेट सुरू झालं, तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे शेल खातं, नुसते हुकूम टाइप करून चालवायचं. मोडेम किंचाळायचा, मग काळा पडदा. मेल पाइनमध्ये, वेबपानं लिंक्स या मजकुरी ब्राउझरमध्ये, चित्रं नाहीतच. आज पन्नाशीकडे झुकलेल्या कितीतरी पुणेकरांनी कमांड लाइन आवडीनं नव्हे, फोनच्या बिलाच्या धाकानं शिकली. नव्वदीच्या उत्तरार्धात संगणक मासिकांबरोबर लिनक्स या मोफत प्रणालीच्या सीडी यायला लागल्या, कमांड लाइन फोनशिवाय घरीच मिळाली आणि तो धाक संपला. सवय मात्र काहींची राहिली.

आजचा ‘मिनिमल’ डेस्कटॉप ठरला तो २००६ नंतर. त्या वर्षी डीडब्ल्यूएम हा पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम आला. कोड २००० ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं त्याच्या कर्त्यांनी स्वतःवरच बंधन घातलं. सेटिंगची फाइलही ठेवली नाही. रंग बदलायचा असेल तर सी भाषेतली फाइल उघडा, बदला, पुन्हा कंपाइल करा. त्यामुळे वापरणारे मोजके आणि निवडक राहतात, असं त्यांनी प्रकल्पाच्या पानावर उघड लिहिलं. (पुणेरी पाटीला शोभेल असा मजकूर, पण आम्ही निदान दुपारी एक ते चारच बंद असतो.) २००९ साली आय-थ्री या तशाच दुसऱ्या प्रोग्रामनं ही अढी सोडली आणि साधी मजकुराची फाइल दिली. रोजच्या कामाची घडी बसवायची तर आज एक बटण बदला, उद्या दुसरं, असंच शिकावं लागतं, आणि त्यासाठी आय-थ्रीची वाट मला निर्विवाद बरी वाटते. २०१९ मध्ये आय-थ्रीच्याच वळणाच्या स्वेची १.० आवृत्ती आली, तेव्हा तीच फाइल जवळजवळ जशीच्या तशी वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेवर चालली. दहा वर्षं बोटांना लागलेलं वळण मोडलं नाही.

आता ‘मिनिमल’कडे. डीडब्ल्यूएमच्याच मंडळींचं एसटी नावाचं टर्मिनल आहे. कोड लहान ठेवायचा म्हणून अक्षरांची जोडणी, म्हणजे चिन्हं जागच्या जागी बसवून जोडाक्षरं घडवणं, त्यात घेतलीच नाही. हवी असेल तर पॅच, म्हणजे कोडाला वरून ठिगळ, लावा. रोमन लिपीला जोडणीवाचून काही अडत नाही. देवनागरीचं सगळंच अडतं. ‘किती’ लिहिलं तर पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे येऊन बसते, कारण मेमरीत ती ‘क’नंतरच साठवलेली असते आणि तिला उचलून डावीकडे आणणारं कोणी नसतं. जोडाक्षराचा पाय मोडलेलाच दिसतो.

जोडणी करणारं टर्मिनल घेतलं तरी सुटका नाही. टर्मिनल म्हणजे खणांची वही, आणि कुठलं चिन्ह किती खण घेणार हे आधी ठरलेलं असतं. रूढ हिशेबात उकार, मात्रा, अनुस्वार यांना शून्य खण. काना आणि वेलांटी यांना मात्र एकेक पूर्ण खण. म्हणून ‘पुणे’ दोन खणांत मावतं आणि ‘किती’ला चार लागतात. चिनी-जपानी अक्षरांना सरसकट दोन खण देऊन तिकडचा प्रश्न बराचसा मिटला. देवनागरीसाठी असा सरळ नियमच बसत नाही. पडद्यावर अक्षर मावतं एवढ्यात, प्रोग्राम मोजतो तेवढं. मग टीमक्सची (एका टर्मिनलचे अनेक भाग पाडणारा प्रोग्राम) उभी रेघ ओळीगणिक डावी-उजवीकडे सरकते आणि बॅकस्पेस दाबल्यावर कर्सर भलतीकडेच जाऊन थांबतो.

याची टोचणी पुण्यात जरा जास्तच. १९८८ मध्ये इथं सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि कानपूरला आकाराला आलेलं भारतीय लिप्यांचं तंत्र तिच्याकडे आलं. पीसीच्या खाचेत एक कार्ड बसवलं की डॉसच्या अक्षरी पडद्यावर, वर्डस्टार, डीबेस अशा तेव्हाच्या प्रोग्राममध्ये मराठी दिसायची. जोडणीचं काम कार्डाचं. वर्डस्टारला त्याचा पत्ताही नसायचा. म्हणजे काळ्या पडद्यावर नीट मराठी ही गोष्ट ‘मिनिमल’ हा शब्द फॅशनमध्ये येण्याआधीच होऊन गेली होती. मग कुणाच्या लेखी काय फालतू आणि काय गरजेचं, हा प्रश्न उरतोच. २००० ओळींत न बसणारी वेलांटी ही चैन आहे, असं रोमन लिपीतच विचार करणाऱ्याला वाटू शकतं.

युनिकोड या अक्षरं साठवायच्या जागतिक मानकालाही इथं वेळ लागला. ह, ळ, क्ष, ज्ञ म्हणत मुळाक्षरं संपवणारं पोर ‘क्ष’ला एक मोजतं. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात मात्र १५.१ आवृत्तीपर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०२३ पर्यंत, ‘क्’ आणि ‘ष’ असे त्याचे दोन तुकडे पडत. त्या आवृत्तीपासून देवनागरीतली जोडाक्षरं अखंड धरायची असं ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या घोस्टीसारखी नवी टर्मिनलं सुट्या चिन्हांऐवजी अख्खं अक्षर मोजायच्या बाजूची आहेत. पण टर्मिनल एकटं सुधारून भागत नाही. शेल, एडिटर, टीमक्स या सगळ्यांनी तसंच मोजायला हवं. दोघांची मोजणी वेगळी पडली की रेघ पुन्हा सरकते.

घरखर्च मी अजूनही टर्मिनलमध्येच लिहितो, एका साध्या फाइलीत, रकाने पाडून. दूध, पेपर, फुलं या ओळी सुतासारख्या सरळ येतात. वाकडी येते ती इस्त्रीवाल्याची.