भुजंगासन आणि फिजिओचं ‘पालथं उठणं’ : दिसायला जुळे, कामाला वेगळे

मांडीवर सूप, पाठीची कमान, दिवसाला हजारभर विड्या. आमच्या शेजारच्या अक्कांची कंबर चार महिने दुखत होती. फिजिओनं पालथं झोपून छाती उचलायचा व्यायाम दिला. कागद घेऊन अक्का माझ्याकडे आल्या. “हे तर भुजंगासनच की! योगवर्गात फुकट शिकवतात. मग ह्याला पैसे कशाला?”

चित्रात दोन्ही सारखीच दिसतात, खरं आहे. फरक कळतो तो स्वतः करताना. भुजंगासनात तळहात नुसते टेकलेले, बेंबी जमिनीला आणि छाती उचलतात ते पाठीचे स्नायू. श्वास घेत वर, थोडं थांबायचं, सोडत खाली. फिजिओच्या प्रकारात सगळा जोर हातांवर. कोपरं सरळ होतात, कंबर पार सैल पडलेली. थांबायचं नाही, दहा वेळा वर-खाली. इथं पाठीनं कष्ट करायचेच नसतात. बरेच जण नेमकं इथंच चुकतात आणि दोन्हींची खिचडी करतात.

शिवाय फिजिओचा प्रकार ही एक तपासणीही असते. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतून कंबरेत सरकत आली तर दिशा बरोबर, मग कंबरेत जरा जास्त दुखलं तरी चालतं. कळ पायात खाली उतरू लागली तर तिथंच थांबायचं. न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांना हे १९५६ मध्ये योगायोगानं सापडलं. डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर त्यांचा एक रुग्ण चुकून पालथा पडून राहिला, आणि उठला तेव्हा पायातलं दुखणं ओसरलेलं होतं.

भुजंगासन असं दुखण्यामागं फिरत नाही. ते मार्जारासन, सेतुबंधासन, शवासन, श्वास यांच्या सोबतीनं येतं आणि आखडलेलं, घाबरलेलं अंग हळूहळू मोकळं करतं. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीत त्याचा उपयोग होतो. अमेरिकेत ३२० जणांवर १२ आठवडे झालेल्या आणि २०१७ मध्ये छापून आलेल्या चाचणीत योग फिजिओथेरपीच्या मागं पडला नाही. त्यातले बहुतेक जण कमी कमाईचे होते, म्हणून मला ती चाचणी अक्कांच्या जास्त जवळची वाटते. पण गुण बेताचाच येतो. ‘आठ दिवसांत कंबर मोकळी’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

म्हाताऱ्या माणसांचं मात्र वेगळं. चालताना पाय भरून येतात आणि पुढं वाकून बसलं की बरं वाटतं, असं असेल तर मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. तिथं मागं वाकवणारे दोन्ही प्रकार त्रास वाढवू शकतात. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल लुळं पडलं, तर चटई गुंडाळून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

अक्कांची कळ डाव्या मांडीत उतरत होती. म्हणून म्हटलं, आधी फिजिओचं करा, कळ कंबरेत येऊन बसली की वर्गाला चला. मधेमधे कामावरूनही उठत जा.

“उठलं की विड्या कमी. मजुरी हजारावर मिळते, उठण्यावर नाही.”

मग शंभर विड्यांमागं एकदा उभं राहायचं, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागं वाकायचं, असं ठरलं. अर्ध्या मिनिटाचं काम. अक्का म्हणाल्या, “पन्नासाला नको, शंभरालाच बरं.”