लिफ्ट सुटते म्हणून जाड ऑईल? नका टाकू!

काटोल-कळमेश्वरकडे जुन्या मॅसी 1035 ट्रॅक्टरची लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी) सुटायला लागली की सल्ला ठरलेला, जाड ऑईल टाका. नका टाकू, राजेहो. कल्टिव्हेटर उचलतो पण इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसतो, म्हणजे पंप दाब देतोय, गळती पुढं आहे, बहुतेक वेळा लिफ्ट सिलिंडरच्या रिंगा नाहीतर सील गेलेलं असतं, जाड ऑईलनं ते थोडे दिवस झाकतं फक्त अन् थंडीत पंपाला ओढायला जड जातं ते वेगळंच, त्यात गिअरचं अन् हायड्रॉलिकचं ऑईल एकच. (बघताना अवजाराखाली हात घालू नका.) अजिबातच उचलत नसेल तर आधी पीटीओचा (मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर बघा, पंप त्याच शाफ्टवर फिरतो, लिव्हर न्यूट्रलला असला तर काय डोंबल उचलणार! मग ऑईलची लेव्हल, मग ऑईल गाळायची जाळी.