चार अंड्यांत एक अल्बिनो ‘ठरलेला’ नसतो

दोन ‘हेट’ कॉर्न स्नेकची, म्हणजे दिसायला साध्या पण अल्बिनो जनुकाची एकच प्रत बाळगणाऱ्या सापांची जोडी लावली की चारात एक पिल्लू अल्बिनो, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती मिळालेलं, काळं रंगद्रव्य नसलेलं, निघणारच, हा समज काही केल्या जात नाही. २५ टक्के ही शक्यता प्रत्येक अंड्याची स्वतंत्र असते. आधीच्या अंड्यात काय निघालं याच्याशी पुढच्याला देणंघेणं नाही. चार अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता ०.७५ चा चौथा घात, म्हणजे जवळपास ३२ टक्के. किमान एकाची ९५ टक्के खात्री हवी, तर ११ सुपीक अंडी लागतात.

साध्या दिसणाऱ्या भावंडांना ‘६६ टक्के हेट’ म्हणतात. त्याचा अर्थ दोन तृतीयांश जनुक असा नव्हे! प्रत किंवा असते किंवा नसते. टक्केवारी आपल्या अंदाजाची. तपासायचं तर ते पिल्लू वयात आल्यावर अल्बिनोशी जोडा. एक अल्बिनो निघाला की प्रश्न मिटला. पाच पिल्लं झाली आणि पाचही साधी निघाली, तर ६६ टक्क्यांचा अंदाज सुमारे ६ टक्क्यांवर येतो.

लेपर्ड गेको या पाळीव पालीत आणखी एक मेख आहे. ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर हे अल्बिनोंचे तीन प्रकार वेगवेगळ्या जनुकांचे. ट्रेम्पर आणि बेल जोडले, तर पिल्लांना प्रत्येक जनुकाची एकेकच प्रत मिळते आणि सगळी साधीच दिसतात.