श्रवणसाधने आणि कर्णबधिरांचे बोलणे

जन्मतः कर्णबधिर मूल बोलत नाही ते बहुतेक वेळा जिभेत किंवा घशात दोष असतो म्हणून नव्हे, तर शब्द कानावर पडत नाहीत म्हणून. बोलायला शिकताना मूल दोन गोष्टी सतत ताडून पाहते: समोरच्याचा उच्चार आणि स्वतःचा. श्रवणयंत्र, म्हणजे घरोघरी ज्याला ‘कानाचे मशीन’ म्हणतात ते, आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेले आणि कानाबाहेरच्या यंत्रावर चालणारे साधन, हे दोन्ही आवाज मुलापर्यंत पोचवतात, पण अपुरे. जे साधनातून पोचत नाही ते सहसा बोलण्यातही उतरत नाही. म्हणून उच्चार सुधारायला बसण्याआधी तो ध्वनी मुलाला ऐकू तरी येतो का, हे तपासावे लागते.

बोलण्याचा जोर स्वरांत असतो, अर्थाचा मोठा वाटा मात्र व्यंजनांत. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; ती जितकी जास्त, तितका आवाज वरच्या पट्टीतला. स्वरांची बरीच शक्ती १००० हर्ट्‌झच्या खाली असते. ‘स’ची मुख्य शक्ती ४००० हर्ट्‌झच्या वर असते आणि तो मुळातच हळू ध्वनी आहे. अनेक श्रवणयंत्रांची ताकद ५०००–६००० हर्ट्‌झनंतर झपाट्याने उतरते. मराठीत याची झळ थेट व्याकरणाला बसते. ‘मी जातो’ आणि ‘तू जातोस’, ‘तो आला’ आणि ‘तू आलास’ यांतला फरक शेवटच्या ‘स’वर उभा आहे. तो ऐकू न आलेले मूल ‘तू जातो’ म्हणते. त्याला व्याकरण कळत नाही असे शाळेत ठरवले जाते, आणि यंत्राची जोडणी, म्हणजे त्याचा आवाज मुलाच्या कानाला जुळवणे, तपासायची राहून जाते.

च आणि ज यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चारा’मधला दंत्य च लिहिताना एकच. ‘जरा’ हा शब्द थोडेसे या अर्थी दंत्य, वार्धक्य या अर्थी तालव्य. दंत्य उच्चारातली सळसळ ‘स’च्या जवळची, म्हणून जास्त वरच्या पट्टीतली. अक्षर एकच असल्याने वाचून हा भेद कळत नाही आणि ओठांवरही तो जवळजवळ दिसत नाही. तो कानानेच शिकावा लागतो.

उलट काही बाबतीत ओठ आणि यंत्र एकमेकांची उणीव भरून काढतात. ‘पार’, ‘बार’, ‘मार’ ओठांवर सारखे दिसतात, पण ब-मधला घोष (कंठातली कंपने) आणि म-मधला नाकातला गुंजारव खालच्या पट्टीत असल्याने साध्या यंत्रातूनही पुष्कळदा कळतो. प आणि त यांतला फरक यंत्रातून निसटला तरी डोळ्यांना दिसतो.

श्रवणयंत्राचे यश बरेचसे कानातल्या साच्यावर, म्हणजे यंत्राचा आवाज आत नेणाऱ्या, कानाच्या मापाने केलेल्या तुकड्यावर ठरते. तान्ह्या बाळाचा कान भराभर वाढतो. पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी नवा साचा लागतो. साचा सैल झाला की आवाज बाहेर गळून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. घरचे मग आवाज कमी करून टाकतात; शिट्टी थांबते, पण आधीच काठावर असलेले स, श, ख पहिले हरवतात. इथे उपाय एकच, साचा बदलणे. दुसरी चूक जोडणीतली. बाळाची कर्णनलिका लहान असल्याने तोच आवाज तिथे मोठ्या माणसाच्या कानापेक्षा जास्त दाब निर्माण करतो. म्हणून कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष मोजमाप घ्यावे. प्रौढांच्या सरासरीवर यंत्र बसवू नये.

आतल्या कानातल्या, आवाजाचे चेतासंदेश करणाऱ्या केसपेशीच निकामी असतील तर आवाज कितीही वाढवला तरी शब्द स्पष्ट होत नाहीत. तिथे इम्प्लांट या पेशींना वळसा घालून श्रवणचेतेला (आवाज मेंदूकडे नेणाऱ्या नसेला) थेट विजेचे स्पंद देते. प्रचलित इम्प्लांटमध्ये १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड (वीज देणारी टोके) असतात. कानातल्या द्रवात वीज पसरत असल्याने प्रत्यक्षात वेगळे जाणवणारे मार्ग त्याहून कमी. तरीही शांत खोलीत बोलणे समजते, कारण शब्दांना फार बारीक तपशील लागत नाही: कंपनांच्या अवघ्या चार पट्ट्यांत मोडलेले बोलणेही ऐकणारे समजू शकतात, हे १९९५ मध्ये प्रयोगाने दिसले. गोंगाट आणि सूर मात्र अवघड जातात. ‘तू जाणार.’ आणि ‘तू जाणार?’ यांतला फरक फक्त सुरात आहे, आणि इम्प्लांट वापरणाऱ्यांचा तो बरेचदा चुकतो.

शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. मग ‘मॅपिंग’ होते: प्रत्येक इलेक्ट्रोडवर सर्वांत हळू जाणवणारी आणि सुखकर वाटणारी सर्वांत मोठी पातळी ठरवतात. वरची पातळी जास्त झाली तर मूल दचकते, डोळा फडफडतो, ते यंत्र काढून फेकते. कमी झाली तर हळू बोलणे निसटते. मेंदूच्या प्रतिसादाच्या अभ्यासांतून दिसते की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या मुलांची श्रवणव्यवस्था बहुधा वयाला साजेशी घडते. सातनंतर ही शक्यता बरीच कमी होते. भारत सरकारच्या योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतात. त्याचे काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेकडून चालते. प्रश्न पुढे येतो तो तुटणाऱ्या केबलचा आणि बॅटरीचा खर्च वर्षानुवर्षे पेलण्याचा.

दीर्घकाळ न ऐकलेल्या माणसाच्या बोलण्यात स्वर एकमेकांकडे सरकतात, नाकातून आवाज येतो, ओघ संथ व तुटक होतो. बोलायला शिकल्यानंतर बहिरे झालेल्यांत साधनामुळे आवाजाचा मोठेपणा आणि पट्टी लवकर सावरतात; व्यंजनांना महिने-वर्षे लागतात.

घरी रोज सकाळी करायची तपासणी सोपी आहे. मुलाच्या मागे उभे राहून, ओठ दिसू न देता, नेहमीच्या आवाजात सहा ध्वनी उलटसुलट क्रमाने म्हणायचे: म, ऊ, आ, ई, श, स. मध्ये कमीजास्त थांबायचे, म्हणजे मूल अंदाजाने प्रतिसाद देणार नाही. आधी एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून. ‘ई’ म्हटल्यावर मूल ‘ऊ’ म्हणाले तर २००० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग पोचत नाही, कारण दोन्ही स्वरांचा खालचा भाग जवळपास सारखा असतो. ‘स’ एकट्याने निसटला तर वरची पट्टी तपासावी. सहाही निसटले तर आधी बॅटरी पाहावी. झिंक-एअर सेलचे स्टिकर काढल्यावर एखादा मिनिट हवा लागू द्यावी, मगच यंत्रात बसवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, साच्याच्या नळीत साठलेला पाण्याचा थेंबही आवाज अडवतो. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.