मुद्दाम मोकळा सोडलेला बचावपटू

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावत पुढे सरकण्याचे आक्रमण एका साध्या हिशेबापाशी अडते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. पण प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू हाती घेणाऱ्या क्वार्टरबॅकने तो दुसऱ्याच्या हाती सोपवला की त्याचा स्वतःचा उपयोग जवळजवळ संपतो आणि चेंडू घेऊन धावणारा तर कोणाला अडवू शकत नाही. अकरा बचावपटूंना अडवायला नऊच जण उरतात, म्हणजे दोघे कमी पडतात.

१९६८ साली टेक्सास विद्यापीठाचे सहायक प्रशिक्षक एमरी बेलार्ड यांनी या तुटवड्यावर जो उपाय मांडला, तो ऐकताना उफराटा वाटतो. जे दोघे अडवता येत नाहीत, त्यांना मुद्दामच मोकळे सोडायचे आणि ते काय करतात ते पाहून चेंडू कोणाकडे द्यायचा हे ठरवायचे. या रचनेत चेंडू घेऊन धावू शकणारे तिघे असे उभे राहतात: क्वार्टरबॅकच्या मागे काही यार्डांवर फुलबॅक आणि त्याच्याही मागे डावी-उजवीकडे एकेक हाफबॅक. वरून पाहिल्यास इंग्रजी ‘वाय’ अक्षर किंवा कोंबडीच्या छातीतले दुबेळके हाड दिसते. त्या हाडावरूनच रचनेला ‘विशबोन’ हे नाव मिळाले.

डाव कसा घडतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. फुलबॅक सरळ रेषेत मुसंडी मारतो. क्वार्टरबॅक चेंडू त्याच्या पोटाशी टेकवतो, पण लगेच सोडत नाही. एक-दोन पावले चेंडूवर दोघांचेही हात असतात आणि त्या काळात क्वार्टरबॅकची नजर मोकळ्या सोडलेल्या पहिल्या बचावपटूवर, म्हणजे आघाडीच्या फळीतल्या टॅकलवर, खिळलेली असते. टॅकल बाहेर सरकला, तर चेंडू फुलबॅकलाच मिळतो. तो फुलबॅकवर तुटून पडला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन कडेकडे पळतो. तिथे दुसरा मोकळा बचावपटू, म्हणजे फळीच्या टोकाचा एंड, उभा असतो. तो क्वार्टरबॅकवर आला, तर चेंडू बाहेरून धावणाऱ्या हाफबॅककडे उडवायचा. तो हाफबॅककडे वळला, तर स्वतःच पुढे घुसायचे. दुसरा हाफबॅक अडवणाऱ्यांत सामील झालेला असतो. आता हिशेब पुन्हा मांडला, तर दोन बचावपटू नुसत्या नजरेने निकाली निघतात, उरलेल्या नवांसाठी आठ अडवणारे असतात आणि चेंडू न मिळालेला फुलबॅकही पुढे जाऊन कोणाला तरी गुंतवतोच.

हे जमते, कारण माणसाच्या मेंदूला निर्णयासाठी वेळ लागतो. डोळ्यांना दिसलेल्या खुणेवर साधी हालचाल सुरू करायलाही सुमारे ०.२ सेकंद जातात. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात १.४ मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की पर्याय वाढतात तसा हा वेळही वाढतो, आणि पर्यायांची संख्या दुप्पट झाली की त्यात साधारण ठरावीक भर पडते. मोकळा बचावपटू या वाढीव उशिरातच सापडतो.

मला या रचनेचे खरे सौंदर्य मात्र क्वार्टरबॅकच्या बाजूने दिसते. तीन वाटा असूनही त्याला एका वेळी तिहेरी निवड करावी लागत नाही. त्याच्यापुढे एकापाठोपाठ एक असे दोन प्रश्न येतात, प्रत्येकाची उत्तरे दोनच आणि प्रत्येक उत्तर एकाच माणसाच्या हालचालीत दडलेले. हजारो वेळा घोटून घेतलेला असा सोपा प्रश्न जवळजवळ विचार न करता सुटतो.

घोटून घेण्याला मात्र पर्याय नाही. टेक्साससारख्या संघालाही १९६८ मधला पहिला सामना ह्यूस्टनशी २०-२० असा बरोबरीत सोडवावा लागला आणि दुसऱ्यात टेक्सास टेक या दुसऱ्या विद्यापीठाकडून ते हरले. त्यानंतर क्वार्टरबॅक म्हणून जेम्स स्ट्रीट आला, फुलबॅकला किंचित मागे उभे केले गेले, आणि संघाने सलग ३० सामने जिंकले. फुलबॅकचे ते थोडेसे मागे जाणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यातून क्वार्टरबॅकला टॅकलकडे पाहायला सेकंदाचा लहानसा अंश जादा मिळाला.

अलाबामा विद्यापीठाने हीच रचना १९७१ मध्ये घेतली. आधीच्या दोन हंगामांत प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्या या संघाने ६ विजय-५ पराभव आणि ६ विजय-५ पराभव-१ बरोबरी अशी सुमार कामगिरी केली होती. ब्रायंट यांनी टेक्सासचे मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडून ही पद्धत समजून घेतली आणि सराव इतका गुप्त ठेवला की क्रीडापत्रकार आले, तेव्हा त्यांना जुनाच खेळ दाखवला गेला. १० सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध ती प्रथम मैदानात उतरली, आणि वर्षभरापूर्वी ४२-२१ असे हरवणाऱ्या त्याच संघाला अलाबामाने १७-१० असे नमवले. ही गुप्तता मला नाट्यापुरती वाटत नाही. अपेक्षित खुणेवर मेंदू लवकर प्रतिसाद देतो, अनपेक्षित खुणेवर उशिरा. तयारीच नसलेल्या बचावाला हा उशीर प्रत्येक डावात भोवतो.

बचावाने पुढे काढलेला तोडगाही हिक यांच्या नियमाला धरूनच आहे. एका खेळाडूने फक्त फुलबॅक धरायचा, दुसऱ्याने फक्त क्वार्टरबॅक, तिसऱ्याने फक्त हाफबॅक, मग चेंडू कोणाकडेही असो. पर्याय एकच ठेवला की निवडीचा वेळ उरत नाही. मात्र समोरून चेंडू जाताना दिसत असूनही, चेंडू नसलेल्या माणसालाच शेवटपर्यंत धरून राहणे प्रत्येक डावात जमावे लागते. एकाने जरी एकदा जागा सोडली, तरी त्याच वाटेने हाफबॅक मोकळ्या मैदानात पोहोचतो.